थकलेलं चलन, चुकलेली तारीख

जुन्या औंध संस्थानाच्या नकाशावर आजच्या गाड्यांचे नंबर मांडून पाहिले, तर एका संस्थानात तीन पासिंग सापडतात. खुद्द औंध खटाव तालुक्यात, म्हणून साताऱ्याचं एमएच 11. आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात, तिथं एमएच 10. गुणदाळचा तुकडा विजापूरकडे, तिथं केए 28. बहात्तर गावांचं हे संस्थान कधी सलग नव्हतंच, आणि 1948 च्या मार्चमध्ये विलीन झाल्यावर त्याची वाटणीच झाली. पण या दुष्काळी पट्ट्याची एक गोष्ट बदलली नाही. इथला माणूस पोटासाठी लांब जातो. खटाव-माणचा माथाडी मुंबईच्या बाजारात, तर आटपाडी-विट्याकडचा गलाईवाला थेट तमिळनाडू-केरळपासून बंगालपर्यंत सोन्याचांदीच्या भट्टीवर. गाडी तिकडं पळते, पण आरसी बुकावरचा पत्ता गावाचाच राहतो.

वेगाच्या दंडाचं सगळं गुऱ्हाळ इथूनच सुरू होतं. गुन्हा घडतो एका जिल्ह्यात, मेसेज जातो कुणाच्या तरी बंद पडलेल्या मोबाईलवर, आणि कोर्टाचं समन्स आलंच तर म्हातारे आई-वडील ते देवळीत ठेवून देतात. दोन-तीन वर्षांनी गाडी विकायला काढली की आरटीओ एजंट सांगतो, "हिच्यावर चलनं आहेत, आधी ती भरा." तोवर आकडा फुगलेला असतो आणि कधी प्रकरण कोर्टातही गेलेलं असतं.

आधी वेगमर्यादेचं पाहू, कारण पुष्कळ चलनं मर्यादा माहीत नसल्यानं होतात. केंद्र सरकारनं एप्रिल 2018 मध्ये ठरवलेल्या कमाल मर्यादा अशा आहेत: मोटारीला द्रुतगती मार्गावर ताशी 120 किलोमीटर, मधे दुभाजक असलेल्या चौपदरी किंवा त्याहून रुंद रस्त्यावर 100, आणि शहरात व इतर रस्त्यांवर 70. दुचाकीला चौपदरीवर 80, बाकी ठिकाणी 60. मालवाहू गाड्यांनाही तेच, 80 आणि 60. या झाल्या वरच्या मर्यादा. घाट, वळण, शाळा, वस्ती पाहून राज्य सरकार किंवा स्थानिक अधिकारी त्या खाली आणू शकतात, आणि मग फलकावरचा आकडा चालतो. औंधहून रहिमतपूरमार्गे निघालेली मोटार साताऱ्याजवळ पुणे-बंगळूर महामार्गाला लागली की तिची मर्यादा सत्तरवरून एकदम शंभर होते. पुढं खंबाटकीच्या घाटात ती पुन्हा उतरते. उलट दिशेनं येताना घोटाळा जास्त होतो. चौपदरीवर शंभरनं दीड तास गाडी मारलेल्या माणसाला गावाकडच्या दुपदरी रस्त्यावर ऐंशी म्हणजे रांगल्यासारखं वाटतं. कायद्याच्या लेखी मात्र तो दहानं जास्त असतो.

ही मर्यादा उगाच नाही. धावत्या गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सत्तरवरून शंभरवर गेलात की वेग दीडपटही होत नाही, पण धडकेतली ऊर्जा दुप्पट होते. सोडलेल्या गुरांच्या, उसाच्या ट्रॉल्यांच्या आणि बिनदिव्याच्या सायकलींच्या आपल्या रस्त्यावर हा फरक हाडांवर येतो.

वेग मोजायची साधनं दोन-तीन प्रकारची असतात. लेझर गन प्रकाशाचे अतिसूक्ष्म ठोके गाडीवर सोडते, ते परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढते आणि अंतर किती झपाट्यानं बदललं त्यावरून वेग. तिचा झोत तीनशे मीटरवरसुद्धा साधारण मीटरभरच पसरतो, त्यामुळं रांगेतली नेमकी एक गाडी टिपता येते. रडार आपल्याकडं येणाऱ्या गाडीवरून परतलेल्या लहरींची वारंवारता किती बदलली ते पाहतं; त्याचा झोत रुंद असतो, म्हणून शेजारून दुसरी गाडी चाललेली असेल तर वाद उभा राहू शकतो. एक गंमत अशी की रस्त्याकडेला तिरक्या कोनात उभ्या यंत्राला खऱ्यापेक्षा थोडा कमी वेग दिसतो. कोनाची चूक चालकाच्या फायद्याची असते. तिसरी पद्धत सरासरीची: दोन ठिकाणी कॅमेरे, मधलं अंतर माहीत. दहा किलोमीटर पाच मिनिटांत कापले म्हणजे ताशी 120, मग कॅमेऱ्यासमोर ब्रेक दाबून काही उपयोग नाही.

मोटार वाहन कायदा 1988 चा. वेगाच्या गुन्ह्याची शिक्षा त्याच्या कलम 183 मध्ये आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनाला 1000 ते 2000 रुपये आणि मध्यम प्रवासी, मालवाहू व अवजड वाहनांना 2000 ते 4000 रुपये दंड आहे. दुसऱ्यांदा तोच गुन्हा केला तर लायसन अडकतं. महाराष्ट्रानं वाढीव दर लगेच लावले नव्हते, ते डिसेंबर 2021 मध्ये लागू केले. त्याच कलमात दोन पोटकलमं आहेत, ती फारशी कुणाच्या वाचनात येत नाहीत. एक म्हणतं की "मला वाटलं गाडी जोरात होती" एवढ्या एका साक्षीदाराच्या मतावर कुणाला दोषी धरता येणार नाही; त्या मतामागं यंत्रानं घेतलेलं माप हवं. दुसरं मालकांसाठी आहे. वेगमर्यादा मोडल्याशिवाय पाळताच येणार नाही असं वेळापत्रक एखाद्यानं जाहीर केलं, तर ते वेळापत्रकच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरू शकतं. दुधाचे टँकर आणि वडापच्या जिपा ज्यांच्या घड्याळावर पळतात, त्यांनी हे वाचायला हवं. नोकराला जोरात गाडी मारायला लावणारा मालकही त्याच शिक्षेला पात्र आहे.

आता चलन म्हणजे काय, ते. बहुतेकांना वाटतं की चलन आलं म्हणजे दंड ठरला. तसं नाही. दंड ठोठावण्याचा अधिकार न्यायालयाचा. पोलिसांचं चलन हा आरोप असतो आणि त्याला जोडून एक देकार असतो: एवढी रक्कम भरा, आम्ही खटला करत नाही. कायद्यात याला गुन्ह्याची तडजोड म्हणतात आणि त्या रकमेला तडजोड शुल्क. हा अधिकार कलम 200 नं दिलेला आहे, आणि त्यातले शब्द लक्षात ठेवण्याजोगे आहेत: तडजोड खटला दाखल होण्याआधीही होते आणि नंतरही. म्हणजे प्रकरण कोर्टात गेलं तरी दार लगेच बंद होत नाही. शुल्क भरलं की त्या गुन्ह्यापुरतं प्रकरण संपतं. अर्थात भरणं ही कबुलीही असते. आधी भरून टाकायचं आणि मग "गाडी माझी नव्हतीच" म्हणत फिरायचं, याला अर्थ राहत नाही.

पूर्वी पावती फाडली जायची. हवालदार लायसन ठेवून घ्यायचा, माणूस कोर्टात जाऊन दंड भरायचा आणि लायसन सोडवून आणायचा. त्रास होता, पण आपल्यावर काहीतरी झालंय हे त्याला ठाऊक असायचं. ई-चलन मुंबईत 2016 मध्ये सुरू झालं आणि पुढं "एक राज्य एक ई-चलन" म्हणून सगळीकडं पोचलं. चालकाला थांबवायची गरज उरली नाही. भ्रष्टाचार कमी झाला, हे मान्य करायलाच हवं. रस्त्यावरची मांडवली यंत्राशी करता येत नाही. पण त्याबरोबर सांगण्याची खात्रीही गेली. ज्याला कळलंच नाही, तो थकबाकीदार झाला.

ही उणीव केंद्राच्या नियमात ओळखलेली आहे. ऑगस्ट 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत 167अ हा नियम आला. कॅमेऱ्यानं टिपलेल्या गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांच्या आत पाठवली पाहिजे, असं तो सांगतो. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण व्हायला हवं. पुढं कॅमेरा आहे याचा फलक ठळक दिसेल असा लावलेला हवा. चलनाबरोबर नंबरप्लेटसह फोटो, यंत्रानं मोजलेला वेग, तारीख, वेळ, जागा आणि मोडलेलं कलम हे सगळं हवं. चलन हातात आलं की रकमेकडं पाहण्याआधी या गोष्टी पाहाव्यात. फोटोत ट्रॅक्टर आणि तुमची मोटार, किंवा एमएच 10 चं एमएच 11 वाचलं गेलंय, असं निघालं तर ते चलन तुमचं नव्हे.

तक्रारीची सोय महाट्रॅफिक ॲपवर आणि महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर आहे. गाडीचा नंबर आणि चॅसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे घातले की सगळी चलनं फोटोसकट दिसतात. तिथंच हरकत नोंदवता येते. ज्यांना मोबाईलवर जमत नाही त्यांना वाहतूक शाखेत किंवा रस्त्यावर ई-चलन यंत्र घेऊन उभ्या असलेल्या पोलिसाकडं पैसे भरता येतात. परराज्यातलं चलन या यादीत दिसेलच असं नाही. ते केंद्राच्या परिवहन संकेतस्थळावर शोधावं लागतं. गलाईवाल्या कुटुंबांनी दोन्हीकडं पाहावं हे बरं.

वाहनधारकांचा राग सगळाच खोटा नाही. जुलै 2025 मध्ये राज्यातल्या मालवाहतूकदारांनी ई-चलनाविरुद्ध संप केला. एका गुन्ह्याची पाठोपाठ चलनं, उभ्या गाडीचा लांबून फोटो, जुन्या थकबाकीसाठी भर रस्त्यात अडवणूक, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. त्याच सुमारास वाहतूक पोलिसांना वरून सूचना गेली की स्वतःच्या खासगी मोबाईलवर फोटो काढून नंतर सवडीनं चलन बनवू नका. अशी सूचना काढावी लागली, यातच तक्रारीत तथ्य होतं हे आलं.

कळत नाही याचं दुसरं कारण मात्र आपल्याच घरात असतं. पत्ता बदलला तर तीस दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचा असतो, हे कलम 49 सांगतं. कळवतं कोण? मोबाईल नंबर तर शोरूमवाल्यानं घातलेला असतो, कधी त्याचा स्वतःचाच. सगळ्यात वाईट प्रकार जुन्या दुचाकीच्या सौद्यात होतो. बाजारच्या दिवशी व्यवहार ठरतो, मालकी-हस्तांतराच्या, म्हणजे टीटीच्या, फॉर्मवर सह्या होतात, पैसे मोजले जातात, आणि फॉर्म घेणाऱ्याच्या खिशात तसेच राहतात. कलम 50 प्रमाणं एकाच राज्यातली विक्री असेल तर विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत कळवायचं असतं. ते झालं नाही तर दप्तरी मालक जुनाच. गाडी मग तीन हात फिरून कुठंही असो, चलन जुन्या मालकाच्या नावानं निघतं. चलनापुरतं ठीक, पण अपघात झाला तर? नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नोंदणीत ज्याचं नाव, तो कायद्याच्या दृष्टीनं मालक. नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावर. दुचाकी विकून आलेल्या पैशांपेक्षा हा धोका कितीतरी मोठा आहे.

गाडी आपली पण चालवणारा दुसरा असेल, तर पोलिसांनी मागितल्यावर त्याचं नाव-पत्ता देणं हे कलम 133 नं मालकावर टाकलेलं कर्तव्य आहे. "पाव्हण्याला दिली होती, कोण ते आठवत नाही" हे उत्तर तिथं चालत नाही.

समजा चलन भरलं नाही, हरकतही घेतली नाही. मग प्रकरण न्यायालयात जायला मोकळं. कोणत्या? गुन्हा जिथं घडला तिथल्या. खटावकराला वाटतं की आपलं कोर्ट वडूजला, तर तारीखही वडूजलाच लागेल. पण गाडी कराडजवळ टिपली असेल तर कराड, पुण्यात टिपली असेल तर पुणे. लांबचं कोर्ट म्हणून न जाणं हे तारीख चुकण्याचं खरं कारण असतं. वास्तविक कायद्यानं इथं बरीच सवलत ठेवली आहे. कलम 208 नुसार अशा किरकोळ गुन्ह्यात समन्सवरच लिहायचं असतं की आरोपीनं स्वतः यावं, वकील पाठवावा, किंवा ठरलेल्या तारखेआधी रजिस्टर पत्रानं गुन्हा कबूल करून सांगितलेली रक्कम मनीऑर्डरनं पाठवावी. कबुली मनीऑर्डरच्या कुपनावर लिहिली तरी चालते! 1988 च्या कायद्यातली ही तरतूद म्हणजे आजच्या आभासी न्यायालयाचा आजोबा.

आभासी न्यायालय हे त्याचंच संगणकी रूप आहे. दिल्लीत 2019 मध्ये सुरुवात झाली; महाराष्ट्रात नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला ऑक्टोबर 2020 मध्ये वाहतूक चलनांसाठी असं न्यायालय सुरू झालं. न्यायाधीश पडद्यावर चलन पाहतात, दंड ठरवतात, आरोपीला मेसेज जातो. त्यानं भरला तर प्रकरण संपलं. "मला मान्य नाही" असं कळवलं तर ते नेहमीच्या न्यायालयाकडं जातं.

समन्सची तारीख चुकली तर? वेगाच्या गुन्ह्याला तुरुंगवास नाही, नुसता दंड आहे, आणि गुन्हा जामीनपात्र आहे. पण समन्स मिळूनही हजर न राहणं ही वेगळी गोष्ट होते. न्यायालय वॉरंट काढू शकतं, सहसा आधी जामीनपात्र, आणि तरीही माणूस फिरकला नाही तर पकड वॉरंट. समन्स डावलणं हा नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 208 खाली स्वतंत्र गुन्हाही आहे. न्यायालयाच्या बाबतीत त्याला सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. दोन हजारांच्या चलनातून हे सगळं उगवतं. प्रत्यक्षात दरेक चुकलेल्या तारखेला कुणी आत जात नाही, हे खरं. पण पासपोर्टच्या पडताळणीला किंवा नोकरीच्या चारित्र्य दाखल्याला पोलीस ठाण्यात गेल्यावर जुनं वॉरंट निघालं तर ती वेळ फार वाईट.

तारीख चुकलेल्यानं करायचं काम साधं आहे. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर नावानं किंवा खटल्याच्या क्रमांकानं प्रकरण शोधावं, पुढची तारीख पाहावी, आणि पोलीस दारात येण्याची वाट न बघता आपणहून वकिलामार्फत न्यायालयात जावं. गैरहजेरीचं कारण लिहून वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यावा. मूळ गाव एकीकडं आणि मुक्काम दुसरीकडं, समन्स हातात पडलंच नाही, ही कारणं न्यायालयाला अपरिचित नसतात. आपणहून आलेला आणि धरून आणलेला, या दोघांकडं न्यायाधीश एकाच नजरेनं पाहत नाहीत. त्याच दिवशी गुन्हा कबूल करून दंड भरता येतो. लढायचं असेल तर तेही सांगता येतं. दंड भरल्याची पावती मात्र जपून ठेवावी, कारण कोर्टातला निकाल चलनाच्या यादीत आपोआप उतरेलच याची खात्री नसते. यादीत थकबाकी तशीच दिसली तर ती पावती दाखवूनच नोंद काढून घ्यावी लागते.

आता पारावरच्या अफवा. पहिली म्हणजे "सहा महिन्यांनी चलन आपोआप रद्द होतं." यात अर्धं सत्य आहे, म्हणून ती टिकून आहे. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे, त्याची दखल न्यायालयानं सहा महिन्यांच्या आत घ्यायची, अशी मुदत पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 468 मध्ये होती आणि जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 514 मध्ये आहे. वकील हा मुद्दा मांडतात आणि मांडायलाच हवा. पण आरोपी कोण हे ठाऊक नसेल तर मुदत तो कळल्यापासून मोजली जाते, आणि उशिराचं समाधानकारक कारण असेल तर न्यायालय तो माफही करू शकतं. शिवाय ही मुदत न्यायालयाच्या दारावरची आहे. चलनाच्या यादीतून नोंद पुसण्याचं काम ती करत नाही. मालकी-हस्तांतर किंवा ना-हरकत दाखला घ्यायला गेलात की थकबाकी समोर येते ती त्या यादीतून.

दुसरी अफवा अर्ध्या दंडाची. कर्नाटकानं फेब्रुवारी 2023 मध्ये थकीत चलनांवर पन्नास टक्के सूट दिली होती. उत्तर प्रदेशानं 2017 ते 2021 या वर्षांतली लाखो ई-चलनं निकालात काढली. जत-विजापूरकडून ये-जा करणाऱ्यांनी ते ऐकलं, व्हॉट्सॲपनं त्याला महाराष्ट्राचं नाव लावलं. ते त्या त्या राज्यांचे, त्या त्या वेळचे निर्णय होते. दरवर्षी माफी मिळेल या आशेवर चलन साठवणारा माणूस आणि वेळेवर भरणारा माणूस यांत शासनानं पहिल्यालाच बक्षीस द्यावं, हे मला तरी पटत नाही. चुकीची चलनं रद्द करा, उरलेली वसूल करा, एवढं सरळ धोरण असायला हवं.

लोकअदालतीच्या मेसेजनं तर पुष्कळांची झोप उडते. "अमुक तारखेला जिल्हा न्यायालयात हजर राहा" असं वाचलं की घरात रडारड. हे मेसेज बहुधा दाखलपूर्व प्रकरणांचे असतात, म्हणजे खटला अजून झालेलाच नाही. तो होण्याआधी मिटवा, असं बोलावणं असतं. लोकअदालत 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं चालते. तिथं दोन्ही बाजूंच्या संमतीशिवाय काही ठरत नाही, आणि ठरलं की तो निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही. सूट मिळेलच असं गृहीत धरून जाऊ नये. गेलं नाही म्हणून लगेच वॉरंट निघत नाही, पण मिटवण्याची एक सोपी संधी जाते.

औंधात न्याय गावाजवळ आणण्याची कल्पना काही नवी नाही. 1939 मध्ये औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्यानं प्रजेला स्वराज्याची घटना दिली. तिच्या जडणघडणीत त्यांचे पुत्र आप्पासाहेब पंत आणि मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांचा हात होता. त्या घटनेत कारभाराचा पाया गावपंचायत होती आणि गावातल्या तंट्यांचा निवाडाही तिच्याकडं सोपवला होता. वादी-प्रतिवादीनं भाकरी बांधून तालुक्याला खेटे घालू नयेत, हा हेतू. त्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर उभं राहिलं, भिंती नसलेली कैद्यांची वसाहत; व्ही. शांतारामांचा "दो आँखें बारह हाथ" हा चित्रपट त्यावरूनच सुचला. खुनाची शिक्षा भोगणारा माणूस विश्वासावर शेत कसतो, हे ज्या मुलखानं पाहिलं, तिथं दोन हजाराच्या चलनासाठी माणूस पोलिसाला पाहून आडरस्ता धरतो. काटोलचा पडदा आणि औंधची पंचायत यांचा हेतू एकच, पण पंचायतीत समोरचा माणूस तुम्हाला ओळखत होता. यंत्र फक्त नंबर ओळखतं, आणि नंबर चुकीच्या घरी गेला तर त्याला कळत नाही.

चुकलेली तारीख किती महाग पडू शकते याचं टोकाचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. मिसूरी राज्यातल्या फर्ग्युसन या एकवीस हजार वस्तीच्या गावाची चौकशी तिथल्या न्याय विभागानं केली आणि मार्च 2015 मध्ये अहवाल दिला. सोळा हजारांवर लोकांच्या नावे अटक वॉरंटं पडून होती, त्यातली पुष्कळशी वाहतुकीच्या नाहीतर तसल्याच किरकोळ प्रकरणांत तारीख चुकल्याची किंवा दंड न भरल्याची. दंड हे गावाच्या उत्पन्नाचं साधन झालं होतं, आणि भुर्दंड बहुतांश गरीब कृष्णवर्णीयांवर पडत होता. तिकडं शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांना एवढंच सांगावं की तिथल्या तिकिटावरची तारीख ही खरी कोर्टाची तारीख असते, आणि ती चुकली की लायसन निलंबित होऊन वॉरंटही निघू शकतं. ब्रिटनची पद्धत मला जास्त आवडते. कॅमेऱ्यानं टिपल्यावर चौदा दिवसांत नोटीस नोंदणीकृत मालकाच्या पत्त्यावर गेलीच पाहिजे, आणि मालकानं अठ्ठावीस दिवसांत चालकाचं नाव कळवलंच पाहिजे. दोघांनाही मुदत, दोघांनाही जाच. आपला पंधरा दिवसांचा नियम त्याच वळणाचा आहे. तो पाळला जातोय का हे मात्र चलन मिळालेल्यानंच तपासायचं.

लायसनचंही थोडं. रस्ता सुरक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या समितीनं ऑगस्ट 2015 मध्ये राज्यांना सांगितलं की अतिवेगासारख्या गुन्ह्यांत लायसन किमान तीन महिने निलंबित करा. पैसे भरून सुटलो असं समजणाऱ्याला पुढं आरटीओची नोटीस येऊ शकते. ज्यांचं पोट स्टिअरिंगवर आहे, त्यांना दोन हजारांपेक्षा हे तीन महिने जड.

चोरांनीही या गोंधळाचा फायदा घेतला आहे. "तुमच्या गाडीवर चलन आहे, पाहण्यासाठी फाईल उघडा" असा मेसेज व्हॉट्सॲपवर येतो, सोबत "आरटीओ चलन" नावाची एपीके फाईल. ती उघडली की मोबाईल परक्याच्या ताब्यात आणि बँकेतले पैसे साफ. वाहतूक पोलीस व्हॉट्सॲपवरून एपीके पाठवत नाहीत. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता "जीओव्ही डॉट इन"नं संपतो. तो स्वतः टाईप करून उघडावा, मेसेजमधल्या दुव्यावर बोट ठेवू नये. फसलात तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून तारखेला न जाणाऱ्यांसाठी शेवटी एक माहिती. वडूज, आटपाडी, विटा, कराड, अशा तालुक्याच्या न्यायालयांत विधी सेवा समिती असते. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग आणि ठरावीक मर्यादेखालच्या उत्पन्नाचा कुणीही, यांना तिथं वकील फुकट मिळतो. महाराष्ट्रात ही उत्पन्नाची मर्यादा वर्षाला तीन लाख रुपये आहे. साध्या कागदावर अर्ज पुरतो, आणि कुठं जायचं हे विचारायला 15100 हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक आहे.